मोबाईलला लावायचा छोटा मायक्रोस्कोप: लसूणघासाचा तांबेरा ओळखायला एकदम कामाचा

सोलापुरात नवी पेठेत घेतला, चारशेच्या आत मिळाला. डब्यावर ६०एक्स (साठपट मोठं दाखवणारा) लिहिलंय, क्लिपनं कॅमेऱ्यावर बसतो, आत एलईडी आहे, बटन सेलवर चालतो. आमच्याकडं पंढरपुरी म्हशींना लसूणघास (हिरवा चारा) लागतोच, आणि पानं पिवळी पडून गळायला लागली की जो तो वेगळा रोग सांगतो, म्हणून घेतला.

पान उलटं करून खालच्या बाजूचा फोड बघा. तांबेरा (बुरशीचा रोग) असला तर पानाची साल फाटून विटकरी भुकटी वर आलेली दिसते, फाटलेली कड पण दिसते, आणि बोट फिरवलं की बोट तांबूस होतं. ठिपक्याचा रोग (स्यूडोपेझिझा बुरशीचा) असला तर डाग काळपट, पुसला जात नाही, आणि जुन्या डागात मधोमध बारीक उंचवटा असतो, नुसत्या डोळ्याला तो पटकन कळत नाही पण ह्यात लगेच कळतो. केवडा रोग असला तर खाली करडी-जांभळट बुरशी. ह्या तिघांत फरक करायला ह्याच्यापुढं काही नको, पैसे तिथंच वसूल.

पण बुरशीचं नाव ह्यावर ठरत नाही हे आधीच सांगतो. तांबेऱ्याचा बीजाणू (बुरशीचं बी) साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ६०एक्सला नुसते भुकटीचे कण दिसतात. नाव ठरवायला हंगामाच्या शेवटी येणाऱ्या काळपट फोडांतले टेलिओस्पोअर (शेवटच्या टप्प्यातले बीजाणू) ४००एक्सखाली बघावे लागतात, त्याला कॉलेजच्या लॅबमधला मायक्रोस्कोपच पाहिजे. आपल्या ज्वारीच्या तांबेऱ्यात (पुक्सिनिया बुरशी) ते दोन पेशींचे असतात, लसूणघासाच्या तांबेऱ्याच्या बुरशीत, युरोमायसिस स्ट्रायेटसमध्ये, एकाच पेशीचे, आणि भिंतीवर बारीक पुटकुळ्यांच्या रेघा असतात, त्या रेघांवरूनच तो ओळखतात. पांढऱ्या क्लोव्हरवर (लसूणघासासारखंच एक चाऱ्याचं पीक) युरोमायसिस नर्व्हिफिलस येतो तो तर अजून वेगळा, शिरांवर आणि देठावर फुगवटा करून थेट काळपट फोडच येतात, विटकरी भुकटीचा टप्पाच नाही त्याला.

वापरताना हात हलला की फोकस गेला, म्हणून पान पुठ्ठ्यावर चिकटपट्टीनं सपाट चिकटवा. पान ओलं असलं तर एलईडीचा उजेड चमकतो, दव सुकल्यावरच तोडा. सेलचं झाकण ढिलं आहे, माझ्याच्याला टेप लावलीय. तांबेरा लवकर सापडला की पानं गळायच्या आत कापणी उरकता येते, चारा हातचा जात नाही, औषधाचा खर्च पण वाचतो. दुकानात सेल टाकून, फोकसचं चाक फिरवून बघूनच घ्या.