वॉर्डात बारकोड आला: एका स्टाफ नर्सचा वापरानंतरचा अनुभव

आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात गेल्या पावसाळ्यात संगणकीय प्रणाली सुरू झाली. ओपीडीची नोंदणी, लॅब, फार्मसी, एक्स-रे, बिलिंग आणि आम्ही वॉर्डात भरतो ते औषधांचे चार्ट, सगळं एका जाळ्यात आलं. मी मेडिसिन वॉर्डात आहे. तिन्ही पाळ्यांत, डेंग्यूच्या गर्दीत आणि वीज जाणाऱ्या रात्रींतही ही प्रणाली वापरून झाल्यावर लिहिते आहे. सॉफ्टवेअरचं नाव देत नाही. या प्रणाली साधारण त्याच गोष्टी करतात, फरक पडतो तो त्या वॉर्डात कशा बसवल्या यावरून.

माझं मत आधीच सांगून टाकते. जे पेशंटच्या खाटेपाशी पोचलं, त्याने आमचं काम खरोखर सुरक्षित झालं. जे नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर राहिलं, त्याने फक्त टायपिंग वाढवलं.

सगळ्यात मोठा दिलासा डॉक्टरांच्या ऑर्डरींचा. पूर्वी राऊंड संपला की केसपेपरवरचं अक्षर लावत बसायचं, शंका आली तर आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) फोन, मग तेच सगळं ड्रग चार्टवर पुन्हा उतरवायचं, इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, लिहायचा आणि मावशींना फार्मसीत पाठवायचं. प्रत्येक उतरवण्यात चुकीला जागा. इन्सुलिनच्या ऑर्डरीत ‘युनिट’साठी नुसतं यू अक्षर लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० वाचले जाऊ शकतात, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तरी लिहिणारे तसंच लिहायचे. आता डॉक्टर स्वतः ऑर्डर टाकतात, डोस आणि एकक यादीतून निवडावं लागतं, आणि तीच ऑर्डर एकाच वेळी फार्मसीला आणि आमच्या चार्टवर दिसते. उतरवणं हा प्रकारच संपला. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी कागदावर परत जाणार नाही.

औषध देताना पेशंटच्या मनगटावरच्या पट्ट्याचा बारकोड स्कॅन करायचा, मग औषधाचा. पेशंट, औषध, डोस, मार्ग आणि वेळ हे पाचही जुळले तरच पडदा हिरवा होतो. ही कल्पना एका नर्सची आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपेका इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सू किनिक नावाच्या नर्स होत्या. भाड्याची गाडी परत करताना तिथल्या माणसाने हातातल्या यंत्राने गाडीचा कोड वाचून नोंद केली, ते पाहून त्यांना सुचलं की औषधांचंही असं करता येईल. १९९० च्या दशकात त्यांच्या रुग्णालयात ते सुरू झालं आणि पुढे त्या खात्याच्या देशभरातल्या रुग्णालयांत गेलं. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या अभ्यासाचे आकडे २०१० साली प्रसिद्ध झाले. औषध देताना होणाऱ्या चुका, उशीर-लवकरच्या सोडून, ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या होत्या. आमच्या मेट्रननी प्रशिक्षणात हा आकडा सांगितला तेव्हा वॉर्डातल्या ज्येष्ठ सिस्टरांचा विरोध बराच मावळला. एखादी हुशार नर्स सावध राहते, पण पहाटे चार वाजता तीसजण सांभाळणारी कुठलीही नर्स थकलेलीच असते.

आपल्याकडे अडचण औषधाच्या पाकिटाची आहे. ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड बंधनकारक झाला. तो स्ट्रिपवर मावला नाही तर बाहेरच्या खोक्यावर चालतो. वॉर्डात मात्र येतात कापलेल्या स्ट्रिपमधल्या दोन गोळ्या किंवा एक अँप्यूल (इंजेक्शनची छोटी काचेची कुपी). त्यावर वाचण्यासारखं काहीच उरत नाही. मग आमच्या फार्मसीला प्रत्येक तुकडा छोट्या पाकिटात घालून लेबल चिकटवावं लागतं. सुरुवातीला फार्मसीत त्यासाठी जादा माणूस दिला नव्हता. संध्याकाळच्या पाळीला निम्मी औषधं लेबलाविना यायची आणि आम्ही ‘स्कॅन झाले नाही’ असं कारण निवडून पुढे जायचो. असं रोज होऊ लागलं की यंत्रणेचा धाक राहत नाही. माणूस नेमल्यावर हे जवळजवळ थांबलं. तुमच्या हॉस्पिटलात प्रणाली येणार असेल तर लेबल कोण लावणार, हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या किमतीच्याही आधी विचारा.

दुसरी पळवाट मनगटाच्या पट्ट्याची. कोपऱ्यातल्या खाटांपाशी वायफाय पोचत नव्हतं, ट्रॉलीवरच्या कॉम्प्युटरची बॅटरी पाळी संपायच्या आत उतरायची, स्पंजिंगनंतर पट्टा भिजून कोड पुसट व्हायचा. मग कुणीतरी पट्ट्याची दुसरी प्रत काढून फाइलवर चिकटवली आणि सगळ्यांची औषधं स्टेशनवरच स्कॅन होऊ लागली. पडद्यावर सगळं हिरवं, आणि पेशंट वीस फुटांवर. यात आळस कुणाचा नव्हता, वेळेत काम उरकायची धडपड होती. मेट्रननी कुणाला बोल न लावता आयटीवाल्यांना एक पूर्ण रात्रपाळी आमच्याबरोबर उभं केलं. त्यानंतर पाण्याने खराब न होणारे पट्टे, वायफायचं जादा यंत्र आणि सुट्या बॅटऱ्या आल्या, आणि फाइलीवरची प्रत काढून टाकली गेली. आयटीच्या माणसाने रात्रपाळी पाहिल्याशिवाय वॉर्ड कळत नाही, यावर माझा ठाम विश्वास बसला आहे.

सूचनांचा भडिमार हा सगळ्यात थकवणारा भाग होता. सलाइनच्या दोन बाटल्या एकदम लावल्या तरी ‘दुहेरी औषध’ म्हणून लाल चौकट. दिवसभर अशा चौकटी बंद करत राहिलं की बोट आपोआप ‘ठीक आहे’वर जातं. दोन-तीन महिन्यांनी फिजिशियन, फार्मासिस्ट आणि नर्सिंग अशा तिघांनी बसून यादी छाटली. आता अ‍ॅलर्जी, किडनीच्या कामानुसार डोस आणि खरोखर घातक जोड्या एवढंच थांबवतं. छाटणीनंतरच्याच आठवड्यात क्रिएटिनिन चढलेल्या, म्हणजे किडनीचं काम मंदावलेल्या, एका काकांना एनॉक्सापॅरिनचा (रक्त पातळ ठेवणाऱ्या इंजेक्शनचा) पूर्ण डोस लिहिला गेला होता. लॅबचा आकडा आणि ऑर्डर एकाच पडद्यावर भेटले, चौकट आली, डॉक्टरांनी ती वाचली आणि डोस कमी केला. जाळ्याने जोडलेल्या माहितीचा अर्थ मला त्या दिवशी पटला.

लॅबचे रिपोर्ट आता धावपळ न करता दिसतात. एक्स-रे आणि सीटी वॉर्डातच उघडतात, फिल्म शोधायला कुणाला खाली धाडावं लागत नाही. फक्त एक आग्रह मी मीटिंगमध्येही धरला. रक्तातलं पोटॅशियम ६.५ च्या पुढे, म्हणजे धोक्याच्या पातळीवर, गेलं तर लॅबने फोन करायचाच. पडद्यावर लाल आकडा आला आहे, पण मी त्या वेळी दुसऱ्या खाटेवर ड्रेसिंग करते आहे, असं होतंच. फोन चालू राहिला, आणि फोन कुणी घेतला याची नोंद प्रणालीत होते.

नाडी, बीपी, श्वास, तापमान, ऑक्सिजन भरलं की प्रणाली न्यूज गुण काढते, म्हणजे पेशंटची तब्येत किती बिघडते आहे याचा एकत्रित आकडा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये ही गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. ७ किंवा अधिक गुण म्हणजे तातडीने डॉक्टर. आमच्याकडे गुण वाढले की आरएमओंच्या मोबाइलवर निरोप जातो आणि तो चांगला चालतो. पण यातला सर्वांत बोलका आकडा श्वासाचा आहे, आणि तो मॉनिटरवर नेहमी भरवशाचा नसतो. घड्याळ लावून, छातीकडे बघत मोजावा लागतो. मागचाच आकडा पुढे ओढायची सोय प्रणालीत होती. आम्ही ती श्वासापुरती बंद करून घेतली. नव्या मुलींना मी हेच सांगते: तुम्ही खरोखर मोजलं तरच गुणाला अर्थ आहे.

आता ओळखीचा गोंधळ, ज्यावर कुठल्याही प्रात्यक्षिकात कुणी बोललं नव्हतं. प्रणाली नाव आणि जन्मतारखेवरून पेशंट शोधते. आपल्याकडे साठी-सत्तरीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. त्यात बायकांची माहेरची आणि सासरची नावं. आधारवर एक, जुन्या केसपेपरवर दुसरं. एका आजींचे आमच्याकडे दोन नोंदणी क्रमांक निघाले; पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी एकावर, आणि भरती झाल्या दुसऱ्यावर. त्यांच्या सुनेने तोंडी सांगितलं म्हणून कळलं. त्यानंतर नोंदणी खिडकीवर मोबाइल, पत्ता आणि जुनी फाइल विचारल्याशिवाय नवा क्रमांक देत नाहीत, आणि दुहेरी नोंदी एकत्र करण्याचं काम रेकॉर्ड विभागातल्या एकाच व्यक्तीकडे आहे. आम्हीही पट्टा बांधताना नातेवाइकांना अ‍ॅलर्जी नव्याने विचारतो, पडद्यावर काहीही असो.

इथेच आभा क्रमांकाचा खरा उपयोग दिसतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं, त्यातला हा पेशंटच्या आरोग्याच्या नोंदी जोडणारा १४ अंकी क्रमांक. रेकॉर्ड एका जागी गोळा होत नाही. ज्या हॉस्पिटलात तयार झालं तिथेच राहतं आणि पेशंटने परवानगी दिली तर दुसऱ्याला दिसतं. काय दाखवायचं, किती काळासाठी, हे पेशंट ठरवतो आणि परवानगी काढूनही घेऊ शकतो. कल्पना उत्तम. वॉर्डातला अनुभव असा, की परवानगीची विनंती जाते त्या मोबाइलवर, जो कंपनीत कामाला गेलेल्या मुलाकडे असतो. आणि दुसऱ्या हॉस्पिटलने रेकॉर्ड जोडलंच नसेल तर हाती काहीच येत नाही. डिस्चार्ज समरी आली तेव्हा मात्र फार मदत झाली, आधीचा स्टेंट, आधीची औषधं, सगळं समोर. अजून एक: पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं आणि आभा वेगळं. आभा काढलं की उपचार मोफत, असं समजून लोक येतात आणि बिलाच्या वेळी त्यांचा चेहरा उतरतो. आमच्या नोंदणी खिडकीवर आता मोठ्या अक्षरांत मराठी पाटी लावली आहे. अशी पाटी प्रत्येक हॉस्पिटलात हवी.

लॉगिनबद्दल थोडक्यात. सुरुवातीला एकीच्या लॉगिनवर सगळी पाळी चालायची. आता कार्ड टेकवलं की स्वतःचं पान उघडतं, त्यामुळे ती सवय सुटली. कोणी कुणाची फाइल उघडली याची नोंद राहते. शेजारणीचा रिपोर्ट सहज बघण्याची मुभा संपली, आणि ती संपायलाच हवी होती.

बंद पडण्याची तयारी हा भाग आमच्याकडे सगळ्यात उशिरा झाला. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर खंडणीसाठी हल्ला झाला आणि ओपीडी, भरती, लॅब कित्येक दिवस हाताने चालवावी लागली. एवढ्या मोठ्या संस्थेचं असं होतं, तर आमचं काय? आमच्याकडे हल्ला झाला नाही, पण एका रात्री सर्व्हर तासन् तास बंद होता आणि कुणाला कुठला डोस गेला हे पाहायला काहीच नव्हतं. त्यानंतर दर चार तासांनी प्रत्येक वॉर्डाचा औषध चार्ट एका वेगळ्या कॉम्प्युटरवर उतरतो, जो नेटवर्क बंद पडलं तरी उघडतो आणि बॅटरीवर चालतो. छापील कोरे चार्ट लाल फाइलीत असतात. महिन्यातून एकदा अर्धा तास मुद्दाम कागदावर काम करतो, कारण नव्या मुलींनी हाताने चार्ट भरलेलाच नाही.

टायपिंगचा भार अजून आहे. भरतीच्या वेळचा नर्सिंग फॉर्म फार लांब आहे, आणि पडायचा धोका किती, हे दोन वेगळ्या पानांवर दोनदा विचारतो. ते एकत्र करायची मागणी दिली आहे. डिस्चार्जची औषधं मराठीत छापून मिळतात, ‘सकाळी १, रात्री १, जेवणानंतर’ अशी, आणि पेशंटचे लोक ती घडी करून खिशात ठेवतात. पुढच्या टप्प्यात इन्फ्यूजन पंप, म्हणजे शिरेतून ठरलेल्या वेगाने औषध सोडणारी यंत्रं, जोडायचे आहेत. त्या आधी एका वॉर्डात महिनाभर चाचणी घ्यावी आणि ती रात्रपाळीत, एका नर्सकडे नेहमीइतके पेशंट असताना घ्यावी, असं आम्ही लेखी कळवलं आहे.