पिस्तुलासाठी .22 चे राउंड: स्टँडर्ड, हाय व्हेलॉसिटी की स्वस्तातला डबा?

डब्यावरचा स्पीड बघून .22 चे राउंड, म्हणजे काडतुसं, घेणार असाल तर जरा थांबा, कारण तो आकडा रायफलच्या लांब नळीतून मोजलेला असतो आणि आपलं पिस्तूल असतं साडेपाच इंचाचं. मी टेक्सासमधे राहतो, मित्राच्या शेतावर मागे मातीचा चांगला उंच बांध आहे, तिथे दोन रविवार घालवले, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं मशीन) उसना आणला (विकत आणला असता तर घरात घेतलं नसतं) आणि सोना मसूरीच्या रिकाम्या पिशवीत वाळू भरून तिच्यावर हात टेकवून 25 यार्डावरून मारत बसलो.

चार प्रकार होते. सीसीआय कंपनीचं स्टँडर्ड व्हेलॉसिटी, 40 ग्रेनची गोळी म्हणजे साधारण 2.6 ग्रॅम, डब्यावर 1070 फूट पर सेकंद. त्यांचंच मिनी-मॅग, वजन तेवढंच, डब्यावर 1235. स्टिंगर, हलकी 32 ग्रेन, डब्यावर चक्क 1640. आणि चौथा एक बल्कचा, म्हणजे घाऊक भरलेला, डबा, नाव सांगत नाही, सगळ्यात स्वस्त होता म्हणून उचललेला.

मशीनवर स्टँडर्ड नऊशेच्या आसपास आलं, मिनी-मॅग हजाराच्या जरा वर, आणि 1640 वाला स्टिंगर बाराशेच्या घरात! नळी आखूड, त्यामुळे गॅसला गोळी ढकलायला वेळच मिळत नाही, उरलेलं सगळं तोंडाशी जाळ आणि आवाज होऊन जातं. म्हणजे जास्तीचे पैसे आपण आवाजाला देतो. शिवाय स्टिंगरची केस (काडतुसाचं पितळी टरफल) नेहमीच्या .22 पेक्षा थोडी लांब असते, टाइट मॅच चेंबरच्या पिस्तुलात (स्पर्धेसाठी राउंड बसायची जागा घट्ट ठेवलेल्या) ते घालू नका.

कागदावर स्टँडर्डचे दहाच्या दहा पाणीपुरीच्या पुरीखाली झाकतील असे, मिनी-मॅगचे जेवणातल्या पुरीएवढे, बल्कचं थालीपीठ. फास्ट म्हणजे अ‍ॅक्युरेट हा गैरसमज मलाही होता. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियाडला 25 मीटर पिस्तूलमधे सोनं घेतलं ते ह्याच .22 वर, आणि मॅचवाल्यांचे राउंड मुद्दाम आवाजाच्या वेगाखालीच ठेवलेले असतात, इली टेनेक्स ह्या मॅचच्या राउंडच्या डब्यावर सुद्धा 1085 च आहे.

बल्कची गंमत दुसऱ्याच मॅगझिनला झाली. ट्रिगर दाबला, नुसतं टिक. नळी बांधाकडेच धरून तीस सेकंद थांबलो (हे कधीच सोडू नका, उशिरा पेटू शकतो), मग काढून बघितलं तर रिमवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेवर, पिनचा ठसा नीट उमटलेला. ह्या काडतुसात पेटणारा मसाला ओला असताना गरगर फिरवून रिमच्या आत पसरवतात, एखाद्या ठिकाणी नाही पोचला आणि पिन नेमकी तिथेच पडली की झालं. तोच राउंड थोडा फिरवून परत घातला, उडाला. शंभरात असे चार निघाले. पण खरी लाज वेगळीच, टिक झालं त्या क्षणी माझी नळी चांगली इंचभर खाली डुचकली, म्हणजे धक्क्याच्या भीतीने मी आधीच मनगट वाकवत होतो आणि इतके दिवस थालीपीठाचा दोष राउंडवर टाकत होतो. थोडा दोष राउंडचाही आहे म्हणा, पण सगळा नाही.

आणि टिकऐवजी नुसतं फुस्स झालं तर पुढचा राउंड अजिबात मारायचा नाही, पिस्तूल रिकामं करून नळीत गोळी अडकलीय का ते आधी बघायचं.

आता घ्यायचं काय? टार्गेटवर प्रॅक्टिस करायची तर सरळ स्टँडर्ड, फक्त आधी एकच 50 चा डबा घेऊन बघा, कारण काही सेमी-ऑटोंना (धक्क्याच्या जोरावर पुढचा राउंड आपोआप भरणाऱ्या पिस्तुलांना) त्याचा धक्का पुरत नाही, पिस्तूल घाण झालेलं असलं की बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी केस दारातच अडकते. तसं झालं तर मिनी-मॅगवर जा, कागदावरच्या भोकांचा ग्रुप जरा पसरेल पण हात थांबणार नाही. रिव्हॉल्व्हरवाल्यांना हा प्रश्नच नाही, स्टँडर्ड घ्या नि मोकळे व्हा. मी स्टँडर्डचे 500 मागवले. बल्कचा अर्धा डबा उरलाय, तो टाकणार नाहीये, स्टँडर्डच्या मॅगझिनमधे मधेच एखादा सरकवतो, टिक झालं की नळी किती डुचकते ते मित्र मोबाइलवर शूट करतो. गेल्या वेळी अर्धा इंच होती.