स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीचे जुने नकाशे: एक गाव वाढताना बघायचं असेल तर ही साईट बघाच

भाचा सध्या स्कॉटलंडमध्ये लिनलिथगोला राहतो (१९४२ला आपल्याकडे व्हाईसरॉय होते ना लॉर्ड लिनलिथगो, त्यांच्या पदवीतलं हेच गाव), रोज ट्रेनने एडिंबरोला जातो, वीसेक मिनिटात पोचतो. त्यानेच नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या मॅप्स साईटची लिंक पाठवली आणि खरं सांगतो, इतकी चांगली गोष्ट नेटवर फुकट क्वचितच मिळते. सोलापुरात घरी बसून तिथला जुना सर्वे नकाशा उघडायचा, खाली आजचा सॅटेलाईट फोटो असतो आणि एक स्लायडर आहे तो सरकवला की जुना नकाशा पुसट होत होत आजचं गाव वर येतं. लई भारी.

१८५०च्या दशकातला नकाशा लावला तर गाव म्हणजे एक लांबलचक हाय स्ट्रीट, बास. उत्तरेला तलाव आणि काठावर राजवाडा, डिट्टो आपला भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव. स्कॉटलंडची मेरी राणी १५४२ला याच वाड्यात जन्मली, १७४६ला तो जळाला. दक्षिणेला १८२२चा युनियन कालवा, आणि त्याच्या नि हाय स्ट्रीटच्या मधून १८४२ला आलेली एडिंबरो-ग्लासगो रेल्वे. झूम करा, घरांमागची चिंचोळी परडी पण दिसतात.

आता स्लायडर सरकवा. हाय स्ट्रीट जागच्या जागी, पण उत्तरेला तलाव नि त्यापलीकडे एम ९ हायवे, म्हणून नवी घरं गेली पूर्व-पश्चिमेला आणि कालव्यापलीकडे चढावर, सगळ्या वळणावळणाच्या कॉलन्या. सेंट मॅग्डलेन डिस्टिलरी १९८३ला बंद पडली, आज त्याच इमारतीत फ्लॅट आहेत. चामड्याचा जुना धंदाही गेला. तरी गाव वाढलंच, आज तेराएक हजार वस्ती आहे, कारण स्टेशन चालू राहिलं आणि दोन्ही टोकांना नोकऱ्या देणारी मोठी शहरं.

मला तर सारखं आपलंच आठवत होतं. गिरण्या आपल्याही गेल्या, रेल्वे आपल्याकडेही १८६०पासून आहे, पण पुणं चार तासांवर, रोज जाऊन येणार कोण, मग पोरं तिकडेच घर करतात. नुसती रेल्वे असून भागत नाही हो, अंतर पण तेवढं पाहिजे. भूगोलाच्या सरांनी हे एकदा वर्गात प्रोजेक्टरवर लावावंच.

बघणार असाल तर लॅपटॉपवर बघा, मोबाईलची स्क्रीन पुरत नाही. दोन नकाशे शेजारी शेजारी लावायची पण सोय आहे. अक्षरं बारीक इंग्रजी, सगळी लक्षात ठेवायची गरज नाही, नुसतं डब्ल्यू असेल तिथे विहीर आणि पी असेल तिथे पंप समजा.