फ्रीकोडकॅम्पवर वेब डिझाईन शिकले, सांगलीतनं मनापासून रिव्ह्यू

मार्केट यार्डात आमचं हळदीचं दुकान आहे, राजापुरी हळद. भावाला साईट पाहिजे होती म्हणून आधी इथंच एक क्लास लावला, दोन महिने नुसतं एकेक पान सजवायला शिकवलं, पण सगळी पानं एकसारखी कशी ठेवायची ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही. पैसे गेले त्याचं लय वाईट वाटलं.

मग फ्रीकोडकॅम्प या कोडिंग शिकवणाऱ्या साईटचा रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाईन (मोबाईल-कॉम्प्युटर दोन्हीवर नीट दिसणारी पानं) कोर्स धरला. एक रुपया लागत नाही, सर्टिफिकेटपण फुकट, सगळं ब्राउझरमध्येच चालतं. साईटवर ३०० तास लिहिलेलं, मला रोज रात्री दोन तास बसून पाच महिने लागले. पहिलं मांजरांच्या फोटोंचं पान, मग कॅफेचं मेन्यूकार्ड, आणि तिथं आधी स्टाईल त्याच पानात लिहून घेतात नि मग उचलून वेगळ्या सीएसएस फाईलीत (पानाचं रंगरूप सांगणारी फाईल) ठेवायला लावतात, ती एक पायरी केली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या सात पानांवर हळदीचा पिवळा सात ठिकाणी लिहिलेला, कुठं केशरी कुठं फिकट! आता रंग, फॉन्ट, रुंदी सगळं एकाच फाईलीत, तिथं बदललं की सातही पानं बदलतात.

कमी काय म्हणाल तर, दराच्या पानावरनं संपर्काच्या पानावर गेलं की मेन्यू जरासा उजवीकडं सरकायचा, दोन दिवस मी मार्जिन (बाजूची मोकळी जागा) तपासत बसले. कारण निघालं स्क्रोलबार. लांब पानाला तो येतो, छोट्याला येत नाही, म्हणून मधोमध ठेवलेलं सगळं हलतं. उत्तर एमडीएनवर, म्हणजे वेबच्या माहितीच्या साईटवर मिळालं, सीएसएसमध्ये ओव्हरफ्लो-वाय ला स्क्रोल दिलं की स्क्रोलबारची पट्टी कायम राहते. आणि उदाहरणं सगळी इंग्रजी, त्यामुळं मराठीचं आपलं आपण बघायचं, ओळी जवळ असल्या तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकाराला चिकटते, मी लाईन-हाईट (ओळीची उंची) १.७ ठेवली तेव्हा कुठं आईला चष्म्याशिवाय वाचता आलं.

नवीन शिकणाऱ्यांनी बिनधास्त करा. फक्त मेन्यूचा एचटीएमएल (पानाचा मूळ कोड) मला अजून सातही फाईलीत पेस्ट करावा लागतो, नुसत्या एचटीएमएलमध्ये त्याला सोय नाही, त्यासाठी आता पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेचं इन्क्लूड (एक फाईल सगळ्या पानांत ओढून घ्यायची सोय) शिकायला घेतलंय.