भाजी वाफवायची घडीची जाळी: आठ महिने रोज वापरून

आधीच सांगतो, हे काही मोठं मशीन वगैरे नाही. स्टीलची पाकळ्यापाकळ्यांची जाळी, मिटली की कळी, उघडली की चाळणी, खाली तीन बुटके पाय, मधोमध उचलायला दांडी. पातेल्यात बोटभर पाणी घालायचं, त्यात जाळी, जाळीत भाजी, वर झाकण, झालं. एवढ्याशा वस्तूचा काय रिव्ह्यू लिहायचा असं बायको म्हणाली, पण आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला जे रामायण व्हायचं ते आठवलं की वाटतं लिहायलाच पाहिजे, कारण मी हे घ्यायच्या आधी बऱ्याच भलत्या गोष्टींवर पैसे घालवलेत.

आमच्याकडे थोरली आठ वर्षांची आणि धाकटा चार. संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. थोरली भाजी खायची पण मोजून, म्हणजे अक्षरशः मोजून, "बाबा, सात तुकडे खाल्ले, आता उठू?" आणि धाकटा ताटात हिरवं काही दिसलं की ताटच सरकवायचा. मग मी तेच केलं जे सगळे करतात, लपवायला लागलो. चांगला दणकट ब्लेंडर घेतला आणि फ्लॉवर, गाजर, भोपळा, पालक सगळं वाटून सूपमध्ये, सॉसमध्ये, पिठात घालायला लागलो. पहिले दोन आठवडे मी स्वतःवर एवढा खूश होतो की विचारू नका. मग एके दिवशी थोरलीला सॉसमध्ये पालकाचा एक हिरवा दोरा सापडला, तिने तो चमच्यावर घेऊन दिव्यासमोर धरला, भावाला दाखवला, आणि त्या दिवसापासून धाकट्याने सॉस पण बंद केला. म्हणजे भाजी तर गेलीच, वर सॉसही गेला. वाटून घालणं वाईट असं मी म्हणत नाही, पोटात जातं ते जातंच, पण त्याने पोराला भाजी आवडायला लागत नाही कारण आपण काय खातोय हे त्याला कळतच नाही, आणि कळतं त्या दिवशी आपण खोटे पडतो.

जाळी सुचवली ताईने. तिच्याकडे इलेक्ट्रिक तीनमजली स्टीमर आहे. मी फोनवर रडगाणं गात होतो तर म्हणाली, "तू भाजी किती वेळ शिजवतोस रे?" मी म्हटलं शिजेपर्यंत. म्हणाली, "म्हणजे लगदा होईपर्यंत. तूच तो फ्लॉवर नाक न धरता खाऊन दाखव." झोंबलं, पण खरं होतं. मी फ्लॉवर पाण्यात उकळायचो, वीस वीस मिनिटं, आणि घरभर जो वास सुटायचा त्याला थोरली "बाबा, काय मेलंय?" असं म्हणायची. फ्लॉवर, कोबी, ब्रोकोली या मंडळींमध्ये गंधक असलेली संयुगं असतात, जितकी जास्त शिजवाल तितका तो कुजकट वास वाढतो. आणि लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा जास्त जाणवू शकते, त्यात कडू ओळखणारं एक जनुक कुणात तीव्र असतं कुणात नाही, त्यामुळे एकाच घरात एकाला ब्रोकोली गोडसर लागते आणि दुसऱ्याला औषध. हे कळल्यावर धाकट्यावर ओरडणं मी बंद केलं. म्हणजे कमी केलं.

तर जाळी आणली. पहिला दिवस फरसबीचा. देठं काढून बोटाएवढे तुकडे, पाणी खळखळायला लागल्यावर जाळी ठेवली, घड्याळ लावून सहा मिनिटं. झाकण काढलं तर हिरवीगार, अशी हिरवी की मला वाटलं कच्चीच राहिली. थोडं लोणी, मीठ, मिरपूड, बस. धाकट्याने नेहमीसारखं तोंड वाकडं केलं पण थोरलीने एक तुकडा दाताखाली धरला आणि कट् असा आवाज आला. त्याने तिच्याकडे बघितलं. "परत कर." तिने परत केला. मग त्याने एक घेतला, आवाज आला नाही कारण दाढेने नाही, पुढच्या दातांनी चावला होता, मग दुसरा घेतला, मग तो आवाज आलाय का हे आम्हाला प्रत्येकाला विचारत सुटला, आणि या भानगडीत त्याच्या पोटात पाच तुकडे गेले. मी आणि बायको एकमेकांकडे बघायचं टाळत होतो, हसलो असतो तर संपलं असतं सगळं.

खरी गोम मला तिथे कळली. आमच्या धाकट्याचं भांडण चवीशी कमी आणि गिळगिळीतपणाशी जास्त होतं. उकळलेली भाजी पाण्याने फुगते, मऊ पडते, चव अर्धी पाण्यात जाते, आणि क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं असल्यामुळे तेही त्याच पाण्याबरोबर सिंकमध्ये. वाफेवर भाजी पाण्यात बुडत नाही म्हणून हे सगळं बरंच कमी होतं. रंगाचंही तसंच, पाच सात मिनिटांच्या पुढे गेलं की हिरव्याचा मेंदीसारखा मळकट रंग व्हायला लागतो, भाजीतलंच आम्ल आणि उष्णता मिळून ते करतात. मी एक मिनिट झालं की एकदा झाकण उचलून वाफ जाऊ देतो, तेवढ्याने फरक पडतो असं मला वाटतं, बायकोला वाटत नाही.

वेळा माझ्या अशा बसल्यात, पाणी उकळल्यावर जाळी ठेवली की तिथून मोजायचं. मटार तीन मिनिटं. ब्रोकोलीचे छोटे तुरे पाच. फरसबी सहा. फ्लॉवर सात, फार तर आठ. गाजराचे बोटाएवढे तुकडे आठ नऊ. लाल भोपळा दहा. बटाट्याला पंधरा ते वीस. बीट मात्र या जाळीत करायच्या भानगडीत पडू नका, अर्ध्या तासाच्या वर जातं आणि मध्ये दोनदा पाणी घालावं लागतं, ते सरळ कुकरला लावा. आणि बीट पहिल्यांदा देणार असाल तर दुसऱ्या दिवशी बाथरूममधून किंकाळी आली तर घाबरू नका, काही जणांना बीट खाल्ल्यावर लघवी लालसर होते, आम्ही डॉक्टरांना फोन लावायच्या बेतात होतो.

पाण्यावरून आठवलं, या जाळीचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम हाच आहे. पाय बुटके आहेत, जेमतेम बोटभर, त्यामुळे खाली पाणी मावतं थोडंच आणि ते दहा बारा मिनिटांत आटतं. दुसऱ्याच आठवड्यात मी बटाटे ठेवून फोनवर बोलत बसलो, वास आला तेव्हा पातेल्याचा तळ काळा आणि जाळीच्या एका पायाचं रबरी टोपण वितळून तळाला चिकटलेलं. पातेलं घासून निघालं, टोपण गेलं ते गेलंच, आता जाळी लंगडी उभी राहते. तर गाजरापेक्षा जास्त वेळ लागणारं काही असेल तर शेजारी गरम पाण्याचं भांडं तयार ठेवा आणि फोन दुसऱ्या खोलीत.

अजून तक्रारी आहेत. पाकळ्यांच्या सांध्यांत बारीक कचरा अडकतो, ब्रोकोलीचे ते हिरवे कण तर खास, लगेच धुतलं नाही तर वाळून बसतात आणि मग जुना टूथब्रश घेऊन बसायचं. मोठ्या पातेल्यात जाळी पूर्ण उघडली की पाकळ्यांमध्ये फट पडते आणि मटार खाली पाण्यात उड्या मारतात. गरम असताना दांडीला हात लावायची सोय नाही, चिमट्याने उचलावी लागते, आणि उचलताना पाकळ्या मिटायला बघतात. चार माणसांना एका फेरीत पुरत नाही, आम्ही दोन फेऱ्या करतो, आधी गाजर मग मटार. वांगं तिच्यात स्पंजासारखं होतं, भेंडीचं तर बोलायलाच नको, ती कोरडी परतलेलीच बरी. पालक दोन मिनिटांत बसतो, टोपलीभर टाका, मूठभर निघतो.

आणि स्टील. ही माझी दुसरी जाळी. पहिली ऑनलाइन घेतली होती, महिन्याभरात सांध्यांवर तांबूस ठिपके आले, विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की हे नॉर्मल आहे, लिंबाने घासा. घासलं, परत आले. नंतर वाचलं की स्टेनलेस स्टीलमध्ये 304 म्हणून प्रकार असतो त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, म्हणून त्याला 18/8 पण म्हणतात, आणि 202 म्हणून स्वस्त प्रकार असतो त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, तो लवकर डागाळतो. मी हुशारीने चुंबक लावून बघितलं होतं, चिकटलं नाही म्हणून चांगलं समजलो, पण 202 लाही चुंबक सहसा चिकटत नाही. त्यामुळे त्या परीक्षेवर जाऊ नका, 304 छापलंय का ते बघा, आणि दुकानात जाऊन हातात घेऊन सांधे उघडमीट करून बघा. दुसरीला सात महिन्यांत एक डाग नाही.

आता मुलांचं. जाळी आणली आणि मुलं भाजी खायला लागली असं मी म्हणालो तर ते खोटं होईल. नवीन चव मुलाला पटायला आठ दहा वेळा, कधी पंधरा वेळासुद्धा ती समोर यावी लागते असं बालआहारावर काम करणारे सांगतात, आणि नवीन खाण्याला नाही म्हणायचा काळ साधारण दोन ते सहा वर्षांचा असतो, म्हणजे धाकटा ऐन भरात. आम्ही तिसऱ्या वेळेलाच "त्याला आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे झालो होतो. मग मी फ्रिजवर कागद लावला, भाजीचं नाव आणि पुढे रेघा, ताटात आली की एक रेघ, खाल्ली की गोल. एक तुकडा वाढायचा, खा म्हणायचं नाही, काही म्हणजे काहीच बोलायचं नाही. हे न बोलणं मला भाजी चिरण्यापेक्षा अवघड गेलं. मटार पहिल्याच रेघेला गोल. गाजर चौथ्या. फ्लॉवर अकराव्या, आणि तोही वरून किसलेलं चीज घातल्यावर. ब्रोकोलीचे तुरे खातो, दांडा माझ्या ताटात टाकतो.

या सगळ्यात जाळीचा वाटा एवढाच की रोज एक मूठ भाजी वेगळी वाफवायला दहा मिनिटंच लागतात आणि ती दर वेळी सारखीच होते, आज कच्ची उद्या लगदा असं नाही. मुलांना ते सारखेपण फार लागतं. एकदा मी विसरून फरसबी बारा मिनिटं ठेवली तर धाकट्याने चावली, थांबला, म्हणाला "ही आजारी आहे."

किती खाल्ली पाहिजे याचा मला अंदाजच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये आकडे दिलेत, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना भाज्या आणि फळं मिळून दिवसाला निदान 250 ग्रॅम, सहा ते नऊला 350, दहाच्या पुढे सगळ्यांना 400. मी एकदा वजनकाट्यावर धाकट्याची रात्रीची भाजी ठेवली तर 60 ग्रॅम भरली. सकाळच्या फळांमुळे निभतं. माझं स्वतःचं वजन करायच्या भानगडीत पडलो नाही.

लोण्यावरून बायको बोलायची, पण गाजर भोपळ्यातलं बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडी चरबी लागतेच, तेव्हा चमचाभर लोणी किंवा तेल हे काही लाड नाहीत. तीळ भाजून टाकले तर थोरली नुसती फरसबी वाटीभर खाते. आणि चार वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर गाजराच्या गोल चकत्या करू नका, घशात अडकायची भीती असते, लांब उभे तुकडे करा आणि दोन बोटांत दाबून चिरडेल एवढं मऊ वाफवा, तिथे कट् आवाजाचा हट्ट नको.

ताईच्या इलेक्ट्रिक स्टीमरशी तुलना करायची तर तिच्याकडे टायमर आहे, पाणी तासभर पुरतं, तीन भाज्या एकदम होतात. पण तो ओट्यावरची अर्धी जागा खातो आणि धुवायला सहा तुकडे. घरात पाच सहा माणसं असतील तर तोच घ्या. आमच्यासारख्या चौघांना जाळी पुरते, मिटवून ड्रॉवरमध्ये जाते.

पाचपैकी चार. पाय अजून बोटभर उंच असते तर साडेचार दिले असते. घ्यायच्या आधी आपल्या पातेल्याचा आतला व्यास मोजून जा, मी न मोजता गेलो आणि आता आमच्याकडे या जाळीसाठी एक नवीन पातेलं पण आहे. फ्रिजवरच्या कागदावर पालकापुढे काल चौदावी रेघ मारली, गोल अजून नाही.