सेकंड सर्व्हिस: आधी स्लाइस शिकायची की किक?

रत्नागिरीत दुपारी तीननंतर जो टेनिस खेळतो त्याला माहितीये, खारा वारा सुटला की टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर टाकलेला बॉल, हातभर सरकतो आणि मग डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट जाणं) सुरू. नवीन खेळणारे विचारतात, दुसऱ्या सर्व्हिससाठी स्लाइस (बाजूने घासून वळवलेली) शिकू की किक (खालून वर घासून उसळवलेली)? माझं उत्तर ठरलेलं आहे, आधी स्लाइस.

ग्रिप दोन्हीला एकच, कॉन्टिनेंटल, हातोडी धरतो तशी, फोरहँडच्या ग्रिपने सर्व्हिस करत असाल तर आधी ती सोडा. उजव्या हाताने खेळत असाल तर स्लाइसला टॉस जरा उजवीकडे आणि पुढे, बॉलची उजवी कड घासायची, बस. किकला टॉस डोक्यावर किंवा किंचित डावीकडे, पाठ वाकवून खालून वर घासायचं, आणि टॉस वीतभर चुकला तरी बॉल फ्रेमला लागतो. पण किकचं मोठेपण मान्य करायलाच हवं. नेट मध्यभागी ९१ सेंमी, सर्व्हिस लाइन, म्हणजे सर्व्हिस जिच्या आत पडायला हवी ती रेष, तिथून फक्त ६.४० मीटरवर, आणि टॉपस्पिनमुळे, म्हणजे बॉल पुढच्या दिशेने गरगरत असल्यामुळे, तो नेटच्या बराच वरून जाऊनही सर्व्हिस बॉक्समध्ये खाली येतो. जमली की सगळ्यात भरवशाची तीच.

आता आपला वारा. उन्हामुळे कोर्ट शक्यतो उत्तर-दक्षिण बांधतात आणि वारा येतो समुद्राकडून, म्हणजे आडवा. उजव्या हाताने खेळणारा उत्तरेकडे तोंड करून उभा असेल तर टॉस उजवीकडे जातो, स्लाइसला ते चालतं, किकचं गणित तिथेच बिघडतं. दक्षिणेकडे तोंड असेल तर उलटं, टॉस डोक्यावर येतो, किकवाल्याचं काम सोपं होतं, आणि स्लाइस वाऱ्याबरोबर जास्तच डावीकडे वळते म्हणून नेम थोडा उजवीकडे धरायचा. एंड बदलले की हे आठवायचंच. मी कित्येक गेम याच विसरण्यात घालवलेत.

दोन्हीसाठी टॉस कमी उंच ठेवा, बॉल हवेत जितका कमी वेळ तितकं वाऱ्याला कमी मिळतं. टॉस बिघडला तर रॅकेट न फिरवता बॉल पकडा आणि परत टाका, नियमात बसतं.

सरावाला सकाळीच जा, वारा पडलेला असतो. पुढच्या पायाच्या उजवीकडे, बेसलाइनच्या आत रॅकेट आडवी ठेवा, टॉस टाका, मारू नका, बॉल रॅकेटच्या जाळीवर पडतोय का बघा. वीसपैकी पंधरा पडायला लागले की दुपारी या. खांदा किंवा कंबर दुखत असेल तर किक सध्या राहू द्या, स्लाइसवरही मॅच निघते.