ग्रिड रेफरन्सवरून अंतर आणि बेअरिंग: पट्टीने मोजायचं, वजाबाकी करायची की अक्षांश-रेखांशावर जायचं?

दोन ठिकाणांचे ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या चौकोनी जाळीतली जागा दाखवणारे आकडे, हातात आहेत. त्यांच्यातलं अंतर आणि पहिल्यावरून दुसऱ्याचं बेअरिंग (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) हवं आहे. त्यासाठी तीन मार्ग आहेत: नकाशावर पट्टी आणि कोनमापक लावणं, ईस्टिंग-नॉर्दिंगची (रेफरन्समधल्या पूर्वेकडच्या आणि उत्तरेकडच्या आकड्यांची) वजाबाकी करून गणित मांडणं, किंवा अक्षांश-रेखांश काढून पृथ्वीच्या आकारासह हिशेब करणं. मार्ग ठरवण्याआधी रेफरन्स किती आकडी आहे ते बघा. सहा आकडी रेफरन्स म्हणजे १०० मीटरचा चौकोन, आठ आकडी १० मीटरचा, दहा आकडी १ मीटरचा. आणि आकडे दाखवतात तो चौकोनाचा नैऋत्य कोपरा असतो, मध्य नव्हे. मुळात नसलेली अचूकता कुठल्याच पद्धतीने मिळत नाही.

तिन्ही मार्गांसाठी एकच जोडी घेऊ, एकाच १०० किलोमीटरच्या चौकोनातली: अ ३४२० ६८१५ आणि ब ३८९५ ६४१०.

वजाबाकीचा मार्ग

मीटरमध्ये अ म्हणजे ३४२००, ६८१५० आणि ब म्हणजे ३८९५०, ६४१००. 'ब'मधून 'अ' वजा करा: पूर्वफरक +४७५०, उत्तरफरक −४०५०. दोघांच्या वर्गांची बेरीज ३,८९,६५,०००. वर्गमूळ ६२४२ मीटर. अंतर झालं.

लोक अडकतात ते बेअरिंगमध्ये. साध्या कॅल्क्युलेटरवर पूर्वफरक भागिले उत्तरफरक करून टॅन इन्व्हर्स घेतलं की −४९.५५° येतं. इथे उत्तरफरक ऋण आहे, म्हणून १८० मिळवायचे: १३०.४५°, म्हणजे आग्नेयेकडे. उत्तर ऋण आलं म्हणून ३६० मिळवले, तर ३१०.४५° येतं, म्हणजे नेमकी उलटी दिशा. नियम असा: उत्तरफरक ऋण असेल तर १८० मिळवा, तो धन आणि पूर्वफरक ऋण असेल तर ३६०. उत्तरफरक शून्य असेल तर भागाकारच होत नाही. पूर्वफरकाच्या चिन्हावरून ९० किंवा २७० घ्या.

स्प्रेडशीटमधलं एटॅन२ हे फंक्शन चारही दिशा स्वतः सांभाळतं, पण त्यात उत्तरफरक आधी आणि पूर्वफरक नंतर द्यावा लागतो. पायथॉन किंवा जावास्क्रिप्टमध्ये क्रम बरोबर उलटा. क्रम चुकला तर आपल्या जोडीचं बेअरिंग ३१९.५५° दिसेल, आणि आकडा वरवर ठीक वाटल्यामुळे चूक पकडली जात नाही. म्हणून आधी फरकांची चिन्हं बघून 'पूर्व आणि दक्षिण, म्हणजे ९० ते १८०च्या मध्ये' असं मनाशी ठरवा, मगच यंत्राचं उत्तर स्वीकारा.

हेच रेफरन्स सहा आकडी असते, ३४२ ६८१ आणि ३८९ ६४१, तर अंतर ६१७२ मीटर आलं असतं. सत्तर मीटर गेले. बेअरिंग मात्र जेमतेम ०.०५° हललं, कारण चूक योगायोगाने रेषेच्याच दिशेत पडली. तेवढीच चूक आडवी पडली असती तर बेअरिंग ०.६° पेक्षा जास्त सरकलं असतं. एक किलोमीटर अंतरावर १०० मीटरची आडवी चूक ५.७° होते, म्हणून जवळच्या बिंदूंसाठी सहा आकडी रेफरन्स वापरूच नका.

पट्टी आणि कोनमापक

१:५०,००० च्या नकाशावर ही रेषा १२४.८ मिलिमीटर भरते. वाचनात अर्धा मिलिमीटर चुकला की २५ मीटर, अर्धा अंश चुकला की टोकाला ५४ मीटर. मैदानात एवढं बहुतेकदा चालतं, शिवाय वाटेतला कडा किंवा ओढा डोळ्यांसमोर राहतो. कोरड्या आकड्यांत तो दिसत नाही. कोनमापकाची शून्यरेषा ग्रिडच्या उभ्या रेषेला समांतर ठेवा, नकाशाच्या कडेला नव्हे. छापील प्रत असेल तर आधी दहा चौकोन मोजा, २० सेंटिमीटर भरले पाहिजेत. 'पानात बसवा' या सेटिंगने छापलेली प्रत लहान होते. त्यात बेअरिंग टिकतं, अंतर बिघडतं.

अक्षांश-रेखांशाचा मार्ग

जवळच्या बिंदूंसाठी हा मार्ग उगाचच जास्त शास्त्रशुद्ध मानला जातो. अक्षांश-रेखांशावरून अंतर काढणारं हॅवरसाइन सूत्र पृथ्वीला ६३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरतं आणि अर्ध्या टक्क्याच्या आसपास चुकू शकतं. आपल्या जोडीत सुमारे ३० मीटर. यूटीएम या जागतिक ग्रिडमध्ये पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडलेले असतात. त्यात प्रमाण सर्वांत जास्त आकसतं ते झोनच्या मध्यरेषेवर, ०.९९९६ इतकं. तिथेही आपल्या जोडीत फरक अडीच मीटरच. लहान अंतराला साधी वजाबाकीच सरस.

दोन बिंदू वेगवेगळ्या झोनमध्ये असतील तर मात्र वजाबाकी निरुपयोगी. प्रत्येक झोनच्या मध्यरेषेचं ईस्टिंग ५,००,००० मीटर धरलेलं असतं. विषुववृत्ताजवळ सीमेच्या अल्याडपल्याडचे शेजारी बिंदू सुमारे ६६८ किलोमीटर दूर दिसतील. तेव्हा, किंवा अंतर शेकडो किलोमीटर असेल तेव्हा, विन्सेंटी किंवा कार्नीच्या पद्धतीने लंबगोलावर, म्हणजे पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी धरून, हिशेब करा. पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांच्या बिंदूंवर विन्सेंटीची पद्धत अडते, कार्नीची अडत नाही. दोन्ही रेफरन्स एकाच डेटमवर (मोजणीसाठी धरलेला पृथ्वीचा आकार आणि त्याची जागा) आहेत का, हे मात्र कुठल्याही मार्गात आधी तपासा. नाहीतर शंभर-दोनशे मीटर सहज इकडेतिकडे होतात.

बेअरिंग कुठल्या उत्तरेपासून?

पहिल्या दोन मार्गांनी ग्रिड उत्तरेपासूनचं (ग्रिडच्या उभ्या रेषांच्या दिशेपासूनचं) बेअरिंग मिळतं, तिसऱ्याने खऱ्या, म्हणजे उत्तर ध्रुवाच्या, उत्तरेपासूनचं. यूटीएम झोनच्या कडेला, मध्यरेषेपासून ३° वर, दोघांत २० अक्षांशावर सुमारे १° आणि ६० अक्षांशावर सुमारे २.६° फरक पडतो. उत्तरं जुळली नाहीत म्हणून गणितात चूक शोधत बसू नका. कंपास तिसरीच, चुंबकीय उत्तर दाखवतो. ती ग्रिड उत्तरेच्या पूर्वेला २° असेल तर कंपासवर १३०.५° ऐवजी १२८.५° लावायचं, पश्चिमेला असेल तर १३२.५°. नकाशावर छापलेला हा फरक त्या वर्षापुरता असतो, म्हणून वार्षिक बदल मिळवून घ्या आणि नोंदीत नुसतं '१३०.५' न लिहिता '१३०.५° ग्रिड' असं लिहा.